काय येतंय?

शिरीषच्या घरी तहान लागलेल्या माणसानं जाऊ नये. समोर बाटली असते, बर्फ असतो, टॉनिकच्या बाटल्या घाम गाळत उभ्या असतात आणि प्यायला मात्र मिळत नाही. आधी खोकं बघायचं. मग खोक्यातली कापडी पिशवी, बुचावरची लाख, बाटलीच्या गळ्यात सुतळीनं बांधलेलं कार्ड. कार्डावर मालकाच्या आजीची गोष्ट असते. ती वाचून झाली की ग्लासच्या तळाशी चमचाभर जिन पडते, तीही हुंगायला. मग शिरीष मांडीवर वही घेऊन पुढे वाकतो आणि विचारतो, ‘‘काय येतंय?’’

‘‘लिंबू?’’

‘‘ते सगळ्यांनाच येतं. मागून काय येतंय?’’

मागून संत्र्याची साल यावी, वेलदोडा यावा, अशी त्याची अपेक्षा असते. मला मागून जांभई येते. पण तसं बोललं तर बर्फाचं पाणी होईपर्यंत परीक्षा लांबते, म्हणून आम्ही ‘धणे’ म्हणतो. धणे जवळपास प्रत्येक जिनमध्ये असतात. पास होण्यापुरते मार्क मिळतात.

या परीक्षेत कायम नापास होणारे एकच, तळमजल्यावरचे काका. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. बाटली कुठलीही असो, त्यांचं उत्तर ठरलेलं. ‘‘स्पिरिट. इंजेक्शनच्या आधी नर्स दंडाला लावते ते.’’

‘‘काका, ही लंडन ड्राय आहे!’’

‘‘लंडनहून मागवलीस?’’

‘‘नाही, गोव्याची आहे.’’

लंडन ड्राय लंडनमध्येच गाळावी लागत नाही, पद्धत पाळली की झालं, हे शिरीष समजावतो. काकांना ते ताबडतोब पटतं. ‘‘म्हणजे आपल्या कोपऱ्यावरच्या कोल्हापुरी मिसळीसारखं.’’

मग शिरीष इतिहासात शिरतो. 2017 साली गोव्यात ‘ग्रेटर दॅन’ आली, पाठोपाठ त्याच मंडळींनी हिमालयातलं जुनिपर वापरून ‘हपुषा’ काढली. जुनिपरचं फळ म्हणजे खरं तर फळ नव्हे, तो सूचिपर्णी झाडाचा शंकू. जुनिपरचा स्वाद सगळ्यांच्या वर राहिला तरच जिन, नाहीतर नुसती मसाल्याची दारू. हपुषा आयुर्वेदात पोटाच्या तक्रारींवर देतात, हेही त्यानं एकदा अभिमानानं सांगितलं. वहिनी आतून म्हणाल्या, ‘‘मग काढा करून देते. पिशील?’’

वहिनींचा या छंदाशी संबंध बाटली रिकामी झाल्यावर येतो. त्या तिच्यात फिनेल भरतात. शिरीषच्या घरचं बाथरूम ड्यूटी फ्री दुकानासारखं दिसतं.

कॅनडाची ‘एम्प्रेस 1908’ आली, तेव्हा तर सोसायटीतली पोरंसुद्धा बघायला आली. जिन निळीजांभळी, टॉनिक ओतलं की गुलाबी. रंग गोकर्णीच्या फुलांचा. आंबट काही लागलं की तो पालटतो. शिरीषनं दिवे घालवून, लावून, मागे पांढरा कागद धरून तो पालटून दाखवला. अर्धी बाटली प्रात्यक्षिकातच गेली.

‘‘आमच्या कुंपणावर गोकर्ण होती,’’ काका म्हणाले. ‘‘आई शंकराला वाहायची.’’

‘‘ते असू दे. काय येतंय?’’

‘‘स्पिरिट.’’

याहून कहर मुंग्यांच्या जिनचा. केंब्रिजच्या डिस्टिलरीनं कोपनहेगनच्या नॉर्डिक फूड लॅबबरोबर ती काढली. बाटलीमागे सुमारे 62 लाल मुंग्यांचा अर्क. मुंग्यांच्या अंगात फॉर्मिक आम्ल असतं, ते लिंबासारखं लागतं म्हणे. ही बाटली शिरीषकडे नव्हतीच. मोबाइलवर फोटो होता. तो फोटो सगळ्यांच्या हातात फिरवून त्यानं विचारलं, ‘‘काय येत असेल?’’

काका कोकणातले. म्हणाले, ‘‘आमच्याकडे कलमावर चढलं की ओंबील फुकट चावते.’’

त्यानंतरच्याच एका शनिवारी नवी बाटली निघाली. कार्ड वाचून झालं, आजी झाली, चमचाभर जिन झाली. शिरीष स्वयंपाकघराच्या दाराला टेकून बसलेला, नाक ग्लासात. ‘‘काका, नीट घ्या. काय येतंय?’’

काकांनी पहिल्यांदाच उत्तर बदललं. ‘‘करपलेलं दूध.’’

शिरीषचा चेहरा उजळला. ‘‘वा! म्हणजे स्मोकी!’’ म्हणत त्यानं वहीत लिहून घेतलं. तोवर आम्ही बाकीचे सगळे उठून उभे राहिलो होतो. खोलीभर धूर यायला लागला होता. वहिनी बाल्कनीतून धावत आल्या, त्याच्या डोक्यावरून हात घालून त्यांनी गॅस बंद केला, आणि तो वही धरून आमच्याकडे बघत राहिला.

‘‘त्याला येत नाही वास,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला, तो आलाच नाही.’’

2021 पासून. डॉक्टरांनी गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग अशा चार वासांच्या बाटल्या रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायला सांगितल्या होत्या. बऱ्याच जणांना त्यानं फरक पडतो. याला पडला नाही. चार वासांचा कंटाळा आला, तेव्हा एकाच बाटलीत डझनभर असतात म्हणून तो जिनकडे वळला. वही त्यासाठीच. रंग, लाख, कापडी पिशवी हे त्याला दिसतं; उरलेलं तो आमच्याकडून गोळा करत होता, आणि आम्ही त्याला सरसकट धणे देत होतो.

म्हणून त्याला सगळं माफ, असं समजू नका. बर्फाचं पाणी आजही होतं आणि आजी आजही वाचावी लागते. फरक एवढाच, की आता कुणी धणे म्हटलं तर काकाच खवळतात. ते स्वतः डोळे मिटून ग्लास धरतात, आणि ‘‘लिंबाचं पान. कोवळं. चुरगळलेलं,’’ असं सावकाश सांगतात, लेव्हल बुकात आकडे उतरवून देत असल्यासारखे. शिरीष लिहितो, वर हुज्जतही घालतो: ‘‘गेल्या वेळी मिरी म्हणालात!’’

सध्या त्याचा डोळा दक्षिण आफ्रिकेच्या ‘इंडलोवू’वर आहे. हत्ती रानात हिंडून पाला, साली, फळं खातो. त्याच्या शेणातून न पचलेलं वेचतात, धुतात, वाळवतात आणि त्याची जिन करतात. एक ओळखीचे गृहस्थ जोहान्सबर्गहून येताना आणणार आहेत. काकांनी आत्ताच बजावून ठेवलंय, की पहिला घोट शिरीषचा, आणि ‘काय येतंय’ हे त्या दिवशी आम्ही विचारणार.