वडिलांचा पासपोर्ट फोटो : शास्त्रोक्त विधी

साहित्य : पांढरी भिंत एक, समोरून येणारा उजेड, वडील एक नग. पहिल्या दोन वस्तू केडगावात कुठेही मिळतात. तिसरीसाठी मुहूर्त बघावा.

आमचे आप्पा ७६ वर्षांचे. आधार कार्डावरचा माणूस आपण नव्हेच, असं त्यांचं अजून म्हणणं आहे. बहीण न्यूजर्सीला बोलावते, म्हणून हा खटाटोप.

पार्श्वभूमी पांढरी असावी. अर्जदाराने तिच्यात विरघळू नये. आप्पा पांढरा सदरा, पांढरी टोपी घालून चुन्याच्या भिंतीपुढे बसले. फोटोत नुसता चेहरा, दोरी तुटलेल्या आकाशकंदिलासारखा अधांतरी. तेव्हा कपडे गडद हवेत. स्टुडिओत खिळ्याला एक काळा कोट असतो, त्यात निम्म्या गावाची लग्नं जमलेली असतात. आप्पांनी त्याचा वास घेतला आणि उठून निघाले. अखेर माझा निळा शर्ट कामी आला.

भिंतीला टेकवू नये, मागे सावली पडते. दोन हात पुढे बसवावं. भर दुपारच्या उन्हात फोटो काढू नये, डोळ्यांच्या खोबणी होतात.

चष्मा काढावा. अमेरिकेच्या व्हिसाच्या फोटोत तो नोव्हेंबर २०१६ पासून चालतच नाही.

हसू नये. (आप्पांना लागू नाही.)

आता टोपी. धर्माचं कारण असेल तरच डोकं झाकता येतं. आप्पांच्या मते टोपी हाच धर्म. "उघड्या डोक्याचा फोटो मेलेल्या माणसाचा काढतात," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. मी नियम वाचून दाखवला. आईनं विनवलं. बहिणीनं न्यूजर्सीहून, तिकडं रात्रीचे दोन वाजलेले असताना, रडून पाहिलं. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मी हरलो आणि फोटो टोपीसकट काढला.

चेहरा संगणकावर सुधारू नये, हेही नियमातच आहे. केडगावात देवी म्हटलं की रेणुकामाता. आप्पांच्या गालांवर मात्र दुसऱ्या देवीचे व्रण आहेत, लहानपणीचे. स्टुडिओवाल्या पोरानं प्रेमानं ते सगळे पुसले. आईनं फोटो हातात घेतला नि विचारलं, "हे कोण?" मलाही बरं वाटलं नाही. त्या व्रणांवरून बोट फिरवत मी लहानपणी झोपायचो.

मापं दोन : आपलं नेहमीचं साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर, अमेरिकेच्या व्हिसाला दोन इंची चौकोन. "कोणतं?" या प्रश्नाला "दोन्ही" असं उत्तर देऊ नये. बत्तीस प्रती आल्या.

त्या घेऊन नगरला टपाल कचेरीतल्या पासपोर्ट केंद्रात गेलो. तिथे कळलं, फोटो घरून आणायचा तो चार वर्षांखालच्या लेकरांचा. बाकीच्यांचा तिथेच काढतात. मार्गदर्शकानं ही ओळ सर्वांत आधी वाचायला हवी होती.

खिडकीपलीकडची मुलगी वर न बघताच म्हणाली, "बाबा, टोपी काढा."

आप्पांनी टोपी काढली. घडी घालून खिशात ठेवली, केसांवरून हात फिरवला, कॅमेऱ्याकडे ताठ बघितलं.

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "नियम असतो ना तसा. आधी सांगायचं की रे."