शिडाच्या होडीने पनवेल

मुंबईहून पनवेलला लोकलगाडीने दीड तासाच्या आत बिनबोभाट पोहोचता येते, हे नवीन पनवेलच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असताना, तोच प्रवास शिडाच्या होडीने करण्याची बुद्धी मला सेवानिवृत्तीनंतर का व्हावी, याची कैफियत आमच्या सौभाग्यवतींनी वारंवार मागितली, आणि मीही दर खेपेस ती निराळी सादर केली. बोरघाटाचा रस्ता 1830 साली गाड्यांना खुला झाला तेव्हा पुण्यास निघालेला मुंबईकर गलबताने पनवेल बंदरात उतरे, हा ऐतिहासिक पुरावा झाला. तो नामंजूर होताच मी फ्रान्सकडे वळलो. तिथे 1681 साली पुरा झालेला सुमारे 240 किलोमीटर लांबीचा एक कालवा आहे, त्यातून वृद्ध दांपत्ये डोलकाठी आडवी करून खुशाल विहार करतात आणि वाटेतले दरवाजे उघडमीट करून पाणीच त्यांना वर चढवते, असे मी सांगितले.

"आपल्या खाडीला कुठले आलेत दरवाजे?"

"आपल्याकडे ते काम चंद्र करतो," मी म्हणालो, "दिवसातून दोनदा, आणि विनामूल्य."

हे मात्र त्यांना पटले, कारण चंद्राशी त्यांचा व्यवहार जुना आहे. भिंतीवरचे कॅलेंडर काढून त्यांनी विचारले, "मग निघायचे कधी?" होडीच्या तांडेलाने त्याचा हिशेब तोंडी सांगितला होता: तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे सकाळी नऊला पाणी चढू लागणार. नऊला निघावे, तीनला पनवेल, आणि साडेतीनला घरी चहा. चतुर्थी माघातली कृष्ण पक्षातली, म्हणजे संकष्टी होती, आणि सौभाग्यवतींचा चंद्रोदयापर्यंत उपास असणार होता, या तपशिलाचे महत्त्व त्या वेळी कोणासच वाटले नाही.

पाणी नऊ वाजता बिनचूक चढू लागले. वारा मात्र पनवेलहून मुंबईकडे वाहत होता. हिवाळ्यातल्या सकाळी मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे जातात आणि खारे वारे दुपारनंतर उलट येतात, हे शालेय भूगोलाच्या पुस्तकात पाठ केलेले सत्य आमच्या शिडाने प्रत्यक्ष फडफडून दाखवले. पाणी आणि वारा ही सरकारच्या दोन खात्यांसारखी आहेत: एकाचा मंजुरीचा शेरा येतो तेव्हा दुसऱ्याचा साहेब रजेवर असतो. वल्ह्यांच्या आणि तांडेलाच्या शिव्यांच्या बळावर आम्ही अटल सेतूखालून गेलो. पुढे पनवेलच्या खाडीत शिरून तिथल्या पुलापाशी आलो तेव्हा तांडेलाने, खबरदारी म्हणून, डोलकाठी उतरवली. फ्रान्सशी आमचे साम्य जमले ते एवढ्याच एका बाबतीत.

पुढे दोहो बाजूंना तिवरांची गर्दी, त्यांच्या बुडाशी चिखलात निवट्यांच्या उड्या, आणि डोक्यावरून विमाने. कारण ज्या विमानतळासाठी टेकडी कापली गेली आणि उलवे नदी वळवली गेली, तो याच खाडीच्या काठी आहे. सौभाग्यवतींनी एका विमानाकडे बराच वेळ पाहिले. बोलल्या काहीच नाहीत. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

तीन वाजता भरती पुरी झाली, आम्ही अर्ध्या वाटेवर होतो. नेमक्या त्याच सुमारास पश्चिमेचा खारा वारा आला, डोलकाठी पुन्हा उभी झाली, शीड टम्म फुगले, आणि आता पोहोचतोच म्हणून मी चपला घातल्या. पण ओहोटीचे पाणी समोरून येऊ लागले आणि तासाभरात होडी गाळात रुतून एका अंगावर कलती झाली.

"आता काय, तांडेलदादा?"

"पानी येल तवा जाऊ, वैनी," म्हणून तो आडवा झाला.

1778 च्या नोव्हेंबरात मुंबईकर इंग्रजांनी आपली फौज पनवेललाच उतरवली होती. सोबत 19,000 बैल होते, आणि ती इतक्या सावकाश घाट चढली की जानेवारीत वडगावला मराठ्यांपुढे तिला तहनामा लिहून द्यावा लागला. इतिहासकार दोष सेनापतींना आणि बैलांना देतात. गाळात बसल्या बसल्या माझे मत असे झाले की त्या फौजेचा उत्साह या खाडीतच संपला असावा. हे मी सौभाग्यवतींना सांगितले. "त्यांच्या बायका घरी होत्या," त्या म्हणाल्या.

नऊच्या सुमारास चंद्र उगवला. त्यांनी होडीतूनच अर्घ्य दिले, डबा उघडून मोदक काढले, तांडेलाला दिले, खलाश्याला दिले, आणि माझ्या वाटणीचा हाती ठेवेपर्यंत होडी किंचित हलली. भरतीही त्याच चंद्राची वाट पाहत होती.

मध्यरात्रीनंतर आम्ही पनवेलच्या कोळीवाड्यापाशी उतरलो. नवीन पनवेलला जायला एकच रिक्षा होती आणि तिचा चालक दीडपट भाडे मागत होता.

"एवढ्या रात्री कुठून आलात, काका?"

"मुंबईहून."

"शेवटच्या गाडीने?"

"नाही," सौभाग्यवती आत बसत म्हणाल्या, "सकाळी नऊच्या."