पेगेलकाका

"काय काका, बरं आहे ना?" असं विचारलं की या वयाचा माणूस साधारण गुडघ्यांबद्दल बोलतो. आमचे काका म्हणतात, "तीन बावीस. स्थिर." हा रक्तदाब नव्हे, ऱ्हाइन नदीचं पाणी. कोलोनच्या जुन्या गावाजवळ, काठावर, पातळी दाखवणारी घड्याळासारखी तबकडी आहे. त्या पातळीला जर्मन लोक पेगेल म्हणतात. काकांचं खरं नाव काय, ते आता काकूंनाच विचारावं लागेल.

काका मूळचे सांगलीचे, म्हणजे दुखणं जन्माचंच. पावसाळ्यात सांगलीकराला चहाच्या आधी आयर्विन पुलाचा आकडा लागतो. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. आणि कोयनेतून किती सोडलं त्यावर गाद्या माळ्यावर चढवायच्या की नाहीत ते ठरतं. काका इथे जर्मनीत आले आणि बघतात तर काय, सरकार दर पंधरा मिनिटांनी नदीची पातळी इंटरनेटवर फुकट मांडतंय! २०१७ साली कायदा बदलला आणि हवामान खात्याचा डेटाही सगळ्यांना खुला झाला. त्या आठवड्यात काकांचं जेवणावर लक्ष नव्हतं.

कोलोनला ६.२० मीटरला बोटींवर निर्बंध येतात, ८.३० ला वाहतूक बंद होते, १९९५ साली पाणी १०.६९ पर्यंत चढलं होतं. मला हे पाठ आहे, कारण काकांचा नातू आमच्या मुलीच्या वर्गात आहे आणि त्याला पाढ्यांच्या जागी हेच शिकवलं जातं.

एकदा त्यांच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, घोटाभर पाणी साचलं. काकांनी आधी फोन काढून ऱ्हाइन बघितली. "दोन नव्वद. नदीचं नाही," असा निकाल देऊन ते वर आले. काकू खाली गेल्या आणि वॉशिंग मशीनचा नळ बंद करून आल्या.

करोनात तर काकांना ऊत आला. रॉबर्ट कोख संस्था रोज सकाळी लाखामागे आठवड्याचे रुग्ण जिल्हावार सांगायची. जेवायला बोलावलं की काका आधी तो आकडा बघत, मग आमटीला हो म्हणत. शनिवार-रविवारी आरोग्य कार्यालयांतून नोंदी कमी येत, म्हणून "सोमवारचा आकडा हा आकडाच नव्हे" हे त्यांनी आम्हाला घोकून घोकून शिकवलं. काही कार्यालयं तेव्हा फॅक्सने कळवत हे समजल्यावर मात्र ते दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

मग १४ जुलै २०२१. आर ही तासाभराच्या अंतरावरची, एरवी मीटरभरही न भरणारी नदी. तिच्या काठच्या आल्टेनआर गावच्या पेगेलचा जुना उच्चांक २०१६ चा, ३.७१ मीटर. संध्याकाळी तो मोडला. काका खुर्चीच्या टोकावर बसून पडद्यावरची रेघ बघत होते. पावणेनऊला ५.७५. त्यानंतर रेघच संपली. नदीने मोजायचं यंत्रच वाहून नेलं होतं. काकांनी आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर लिहिलं, "आर!! पाच पंच्याहत्तर!! तिकडे कुणी ओळखीचं आहे का?" आषाढी सहा दिवसांवर होती. मिनिटभरात खाली उत्तर आलं, "काका, साबुदाणा कुठल्या दुकानात मिळेल?"

आकडे सगळ्या जगाला खुले होते, अंदाजही निघत होते. जिल्हा प्रशासनाने आपत्ती जाहीर केली ती रात्री अकरानंतर. आरच्या खोऱ्यात १३० हून अधिक माणसं गेली. काका पुढे कितीतरी दिवस "तीन बावीस" म्हणाले नाहीत. गुडघ्यांबद्दल बोलले, आणि ते ऐकवत नव्हतं.

फेब्रुवारी २०२३ पासून इथे धोका आला की त्या भागातले मोबाइल आपोआप किंचाळतात. ॲप घ्यावं लागत नाही, रेघ वाचावी लागत नाही. मला ही सोय पटते. काकांना पटत नाही. "नुसतं कोकलतं," ते म्हणतात, "किती मीटर ते सांगतं का?"

त्यांचे आकडे पुन्हा ग्रुपवर येऊ लागलेत आणि बहुतेक जण ते न वाचता पुढे सरकतात. मी वाचते. साबुदाण्याचं मीच विचारलं होतं.