आधी रिपोर्ट, मग कळा

२०२०च्या मार्चअखेरीस न्यूयॉर्कच्या दोन रुग्णालयांनी बाळंतपणासाठी येणाऱ्या बायकांचे सरसकट करोनाचे स्वॅब घ्यायला सुरुवात केली. दोन आठवड्यांत २१५ जणी आल्या. ३३ पॉझिटिव्ह निघाल्या आणि त्यांतल्या २९ जणींना ना ताप होता, ना खोकला. आपल्याकडे वेगळं नव्हतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) नोंदींनुसार पहिल्या लाटेत बाधित गरोदर बायका आणि बाळंतिणींपैकी लक्षणं होती ती जेमतेम १४ टक्के जणींना. बाकीच्यांना करोना झाल्याचं कळलं ते कागदावरून.

हा कागद कशासाठी होता? डॉक्टरांनी संरक्षक किट घालावं, बाईला वेगळी खोली मिळावी, यासाठी. आपण त्याचा गेटपास करून टाकला. ‘आधी रिपोर्ट आणा, मग बघू.’ रिपोर्टला दिवस-दोन दिवस लागत. कळा कुणासाठी थांबत नाहीत. मे २०२०मध्ये मुंब्र्यात कळा सुरू झालेल्या एका बाईला तीन रुग्णालयांनी घेतलं नाही. ती रिक्षातच दगावली. चाचणी झाली नाही म्हणून बाळंतपण अडवू नका, असं आयसीएमआरने त्याच महिन्यात लिहून दिलं होतं. फाटकावर ते कुणी वाचलं?

आणि जमत नव्हतं म्हणावं, तर मुंबईच्या नायर रुग्णालयाने हजारावर बाधित बायकांची बाळंतपणं करून दाखवली. पालिकेचं रुग्णालय, त्याच साथीत, शेजारच्याच शहरात.

नातेवाइकांची भीती मी समजू शकते. पण भीती चुकीच्या जागी धरली गेली. बाळाला दूर ठेवा, दूध पाजू नका, सिझरच करून टाका, असे सल्ले सर्रास दिले गेले. १८ देशांतल्या दोन हजारांवर बायकांचा अभ्यास २०२१च्या एप्रिलमध्ये छापून आला. त्यात अंगावर पाजण्याचा बाळाच्या संसर्गाशी संबंध आढळला नाही. सिझरचा मात्र आढळला. मास्क लावा, हात धुवा आणि बाळाला छातीशी घ्या, हे जागतिक आरोग्य संघटना तर पहिल्यापासून सांगत होती. पहिल्या दिवसाचा तो घट्ट पिवळा चीक कितीतरी बाळांना मिळाला नाही. आई ठणठणीत, पलीकडच्या वॉर्डात, दूध दाटून छाती दगड झालेली. हे कुणाच्या भल्यासाठी केलं?

खरी काळजी घ्यायची होती ती रक्तदाबाची. त्याच अभ्यासात, काहीही लक्षणं नसलेल्या बाधित बायकांमध्येही प्रीएक्लॅम्पसियाचं प्रमाण संसर्ग नसलेल्या बायकांच्या दीडपटीहून जास्त दिसलं. रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिनं जातात, वेळेत लक्ष गेलं नाही तर झटके येतात, आई आणि बाळ दोघंही दगावू शकतात. आणि हे ओळखायला काय लागतं? दंडाला बांधायचा पट्टा आणि लघवीत बुडवायची पट्टी. दोन्ही उपकेंद्रावर असायलाच हवीत. पॉझिटिव्ह म्हणून तपासणीच्या वारीलाच जिला येऊ दिलं नाही, तिच्या दंडाला तो पट्टा कोण बांधणार होतं? ‘काही होत नाहीये ना, मग घरी बसा’ हा सल्ला गरोदर बाईला द्यायचा नसतो. वरून काही दिसत नाही, म्हणून तर तिला नियमित तपासणीला बोलवायचं.

लसीच्या बाबतीत तर तिला रांगेतच उभं केलं नाही. लसीच्या सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांतून गरोदर बायकांना वगळलं, आणि मग ‘त्यांच्यावर चाचणी झालेली नाही’ हेच कारण देऊन १६ जानेवारी २०२१ला सुरू झालेल्या लसीकरणातूनही वगळलं. दुसरी लाट आली. आयसीएमआरच्या त्याच नोंदींत बाधित गरोदर बायका आणि बाळंतिणींमधलं मृत्यूचं प्रमाण ०.७ टक्क्यांवरून ५.७ टक्क्यांवर गेलं. गरोदर बायकांना लस घेण्याची परवानगी मिळाली २ जुलैला, लाट ओसरल्यावर.