बिनपगारी खजिनदार

ग्लासगोत रेंजर्स या फुटबॉल क्लबचे पाठीराखे किती, हे मोजायच्या भानगडीत मी पडत नाही. रेंजर्सचे खजिनदार किती, हे मात्र छातीठोकपणे सांगतो : जितके पाठीराखे, तितकेच. यांना क्लबने नेमलेलं नसतं, पगार नसतो, सहीचा अधिकार नसतो. तिजोरीची किल्ली राहिली बाजूला, तिजोरी कोणत्या खोलीत आहे हेही माहीत नसतं. तरी क्लबचा एक पौंड इकडचा तिकडे झाला की यांची झोप उडते.

त्यांतला एक नमुना माझ्या वाट्याला आला आहे. गोव्हनमध्ये राहतो, लोकांचे बॉयलर दुरुस्त करतो, पन्नाशी ओलांडलेली. स्वतःच्या घराचं गॅसबिल किती येतं हे त्याला बायकोला विचारावं लागतं, पण रेंजर्सच्या राखीव गोलकीपरचा आठवड्याचा पगार त्याला मध्यरात्री उठवून विचारा. बोलताना तो कधी ‘क्लब’ म्हणत नाही, ‘आपण’ म्हणतो. “आपण त्याला एवढे का देतोय?” “पीटरहेडला जायला आपल्याला हॉटेल कशाला लागतं?” नवख्याला वाटावं, गृहस्थ सहकुटुंब कुठे तरी निघाले होते आणि खर्चावरून बेत फिसकटला.

मी कोल्हापूरचा. तालमीच्या संघात पैसे मोजून बाहेरचा खेळाडू आणायचा की पेठेतलाच पोरगा उतरवायचा, यावर चहाच्या गाड्याशी रात्री जागवणारी माणसं बघत वाढलो. त्यामुळे ग्लासगोत मला फारसं परकं वाटलं नाही. चहाच्या जागी बिअर आणि पावसाळा बारा महिने, एवढाच फरक.

खजिनदार जन्माचा काटकसरी नव्हे. क्लबचे मालक डेव्हिड मरे यांच्या अमदानीत तो खजिनदार नव्हता, जहागीरदार होता. समोरच्या सेल्टिकने पाच पौंड खर्च केले तर आपण दहा करू, असं मरे उघड म्हणायचे आणि हा टाळ्या वाजवायचा. 2000 साली चेल्सीकडून टोरे आंद्रे फ्लो आणला तो 1 कोटी 20 लाख पौंड मोजून. त्या दिवशी याने पबमध्ये ओळख नसलेल्या माणसांनाही पाजली. पैसा येतो कुठून हा प्रश्न त्या काळी रेंजर्सच्या मैदानावर, आयब्रॉक्समध्ये, फक्त सेल्टिकवाले विचारायचे, म्हणून तो विचारायचा नसायचा.

मग 2011च्या मे महिन्यात मरेंनी क्लब क्रेग व्हाइटना विकला. किंमत एक पौंड. बँकेचं कर्ज फेडायला व्हाइटनी पैसा उभा केला तो पुढच्या हंगामांची सीझन तिकिटं आगाऊ विकून. हे बाहेर आलं तेव्हा खजिनदार कितीतरी वेळ बोललाच नाही. म्हणजे तो ज्या खुर्चीवर बसून संघाला शिव्या घालत होता, ती खुर्ची त्याच्या बुडासकट गहाण पडली होती! 14 फेब्रुवारी 2012ला क्लब प्रशासकांच्या ताब्यात गेला. व्हॅलेंटाइन दिवस. बायकोसाठी आणलेली फुलं तो गाडीतच विसरला आणि तिनेही ती मागितली नाहीत. जूनमध्ये जुनी कंपनी मोडीत निघाली आणि चार्ल्स ग्रीन यांच्या मंडळींनी स्टेडियम, सरावाचं मैदान, सगळं मिळून 55 लाख पौंडांना घेतलं. खजिनदाराने पहिला हिशेब केला तो त्या रात्री : “म्हणजे अख्खं आयब्रॉक्स अर्ध्या फ्लोपेक्षा स्वस्तात गेलं.”

वरच्या लीगमधल्या क्लबांनी नव्या कंपनीला दारात उभं केलं नाही. खालच्या लीगच्या 30 क्लबांपैकी 25 जणांनी मत दिलं की यायचं तर तळापासून या. तळ म्हणजे चौथी पायरी. (हा तोच जुना क्लब की नवा, हा वाद ग्लासगोत कोणासमोरही काढू नये. मी एकदा काढला आणि चालत घरी आलो.)

त्या उन्हाळ्यात खजिनदाराला साक्षात्कार झाला. चौथ्या पायरीवर दुकानदार, सुतार, पोस्टमन असे लोक आठवड्यातून दोनदा सराव करून खेळतात. त्यांच्यासमोर बड्या पगाराचे खेळाडू कशाला? आपली पोरं उतरवायची. तीन वर्षं पोरं खेळतील, शिकतील, पैसा बँकेत पडेल, आणि वर जाऊ तेव्हा संघही तयार आणि तिजोरीही. पुराव्यादाखल तो ग्रेटनाचं नाव घ्यायचा. एका श्रीमंत माणसाच्या पैशावर तो चिमुकला क्लब थेट वरच्या लीगमध्ये चढला आणि 2008 साली हात आखडता होताच गडप झाला. ग्रेटना पुरला नाही तर थर्ड लॅनार्क. ग्लासगोचाच नामांकित क्लब, 1967 साली मेला. त्याच्या पायऱ्या अजून कॅथकिन पार्कात गवतात उभ्या आहेत. खजिनदार नातवाला तिथे फिरायला नेतो. पोराला वाटतं आजोबा खेळायला नेताहेत, आजोबा खरं तर ताळेबंद दाखवत असतात.

याच्या विरुद्ध बाजूला त्याचा मेव्हणा. हा सबवेत नोकरीला. त्याचं म्हणणं एका वाक्याचं : “लोक येतात कशाला?” 18 ऑगस्टला ईस्ट स्टर्लिंगशरसारख्या संघाविरुद्ध आयब्रॉक्सवर 49,118 माणसं जमली. चौथ्या पायरीवरच्या सामन्याला जगात कुठे एवढी गर्दी झाली नव्हती. “एवढे लोक काय तुझी बचत बघायला आलेत?” असं मेव्हणा विचारी. खरं सांगायचं तर या प्रश्नाला चांगलं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

आता कोणाला वाटेल, एक काटकसरवाला, एक खर्चवाला, झालं भांडण. तसं असतं तर सोपं होतं. पण खजिनदाराच्या अर्थशास्त्राची मुदत शनिवार दुपारपर्यंतच असते. जिंकलो की काटकसर, हरलो की खरेदी. आणि मेव्हण्याचं बरोब्बर उलटं. जिंकल्यावर तो म्हणतो, आता गाडी रुळावर आहे, दोन माणसं आणखी घ्या. हरल्यावर म्हणतो, आहेत त्यांना कशाला पोसता, हाकला. त्यामुळे निकाल काही लागो, या दोघांचं एकमत होण्याचा धोका नाही. बरोबरी झाली तर दोघेही नुसतेच पितात.

याचा कळस 6 ऑक्टोबर 2012ला झाला. स्टर्लिंग अल्बियन म्हणजे तळाच्या विभागातला तळाचा संघ, त्याच्याखाली थेट स्कॉटलंडची माती. क्लब तिथल्या चाहत्यांनीच मिळून विकत घेतलेला. त्यांचे मॅनेजर ग्रेग मॅकडोनल्ड त्या दुपारी मैदानावर नव्हते, कारण त्या दिवशी त्यांचं लग्न होतं. स्टर्लिंग जिंकलं, 1-0.

पबमध्ये सुतकाची शांतता. मग खजिनदाराने ग्लास खाली ठेवला. “ज्यांचा मॅनेजर बोहल्यावर उभा आहे, त्यांच्याकडून आपण हरलो. बस्स. जानेवारीत स्ट्रायकर आणायचा. कितीही पडू देत.”

“आणि पोरं? बँक? तीन वर्षं?” मेव्हण्याने विचारलं.

“पोरांना शिकायला समोर कोणी तरी नको का?”

“पगार कोण देणार? अजिबात नाही. आहेत त्यातले चार काढा.”

तासभर आकडे उडाले. दोघांनी मिळून दोन स्ट्रायकर घेतले, एक मिडफिल्डर विकला, गोलकीपरच्या पगारात कपात केली. मग कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने आठवण करून दिली की सप्टेंबरपासून वर्षभर रेंजर्सवर नोंदणीबंदी आहे, अठराच्या वरचा एकही नवा खेळाडू नोंदवता येत नाही. क्षणभर दोघे गप्प झाले. मला वाटलं, वाद मिटला. तर खजिनदार म्हणाला, “ते ठीक आहे. पण आणता आला असता तर आणायला पाहिजे होता की नको, एवढं बोल!” आणि जो खर्च करायला परवानगी नव्हती, त्यावर पुढचे कित्येक शनिवार कडाक्याचं भांडण झालं.

डिसेंबरात क्वीन्स पार्क. हा क्लब म्हणजे खजिनदाराच्या छातीतलं शल्य. तेव्हा हौशी क्लब होता, खेळाडूंना पगार नावाची गोष्टच नव्हती, आणि सामने खेळायचा हॅम्पडनसारख्या राष्ट्रीय मैदानावर. आंतरराष्ट्रीय अनुभवाच्या पगारदार मंडळींना या बिनपगारी संघाने जवळजवळ शेवटपर्यंत रोखून धरलं, आणि सामना संपता संपता गोल केला तो रेंजर्सच्याच अकादमीतल्या फ्रेझर एअर्ड या सतरा वर्षांच्या पोराने. त्या संध्याकाळी खजिनदार पुन्हा काटकसरीकडे परतला, तोही असा, की मधले काही महिने दुसरंच कोणी तरी बोलत होतं.

त्याच महिन्यात क्लबने शेअर बाजारात पाऊल टाकलं. शेअर 70 पेन्सला. खजिनदाराने सुट्टीसाठी ठेवलेल्या पैशांतून 500 पौंडांचे घेतले, हाती आले 714. स्पेन रद्द झालं. बायकोला सांगितलं, हवामान खराब आहे. स्पेनचं! पण आता ‘आपण’ म्हणायला त्याला कागदोपत्री आधार मिळाला आणि त्याच्या आवाजात एक पडदा वाढला.

या विक्रीतून क्लबकडे 2 कोटी 20 लाख पौंडांच्या वर जमा झाले. पुढच्या वर्षी तिसऱ्या पायरीवर संघ लीगमध्ये 36 सामने खेळला आणि एकही हरला नाही. आणि त्याच हंगामात, 2014च्या सुरुवातीला, क्लब भागधारकांकडे 15 लाख पौंड उसने मागत होता. म्हणजे पैसा पोरांवरही गेला नाही आणि बँकेतही नाही. वार्षिक अहवालाच्या पानापानावर खजिनदाराने पेन्सिलीने प्रश्नचिन्हं काढली. तो अहवाल अजून त्याच्या व्हॅनमध्ये पान्यांच्या खाली आहे.

त्या उन्हाळ्यात चाहत्यांत चळवळ निघाली, सीझन तिकिटाचे पैसे संचालकांच्या हाती न देता बाहेर ठेवायचे. खजिनदाराने आयुष्यात पहिल्यांदा तिकीट घेतलं नाही. “एक पेनी मिळणार नाही त्यांना,” असं सगळ्या पबला सांगितलं. पण शनिवार उजाडला की पाय आयब्रॉक्सकडेच वळायचे. मग दर सामन्याला सुटं तिकीट. सुटं तिकीट महाग असतं. वर्षअखेर हिशेब केला तर बहिष्कार सीझन तिकिटापेक्षा जास्तीला पडला होता. वाचलं ते एवढंच, की तो मैदानावर मिळणारी ‘पाय’ ही पेस्ट्री खात नव्हता, घरून सँडविच न्यायचा आणि ते तत्त्व म्हणून चावायचा.

दुसऱ्या पायरीवर त्या वर्षी हार्ट्सही होते. तेही दिवाळखोरीतून उठलेले. अ‍ॅन बज या बाईंनी क्लब घेतला, हजारो चाहत्यांनी महिन्याला थोडे थोडे पैसे घातले, संघात पोरं भरली. खजिनदाराची सगळी भाषणं एडिनबरात कोणी तरी अमलात आणली होती! हंगामाच्या पहिल्याच सामन्यात ही पोरं आयब्रॉक्सवर 2-1 जिंकून गेली आणि पुढे लीगही घेऊन गेली. इकडे रेंजर्सच्या आघाडीवर क्रिस बॉइड आणि केनी मिलर, दोघेही तिशीतले. हार्ट्सची स्तुती खजिनदार करतो, पण फक्त मला ऐकू येईल इतक्या आवाजात.

त्यातच नव्या वर्षाच्या तोंडावर लुइस मॅक्लाउड ब्रेंटफर्डला विकला. घरचं एकुलतं एक चमकतं पोर. हिशेबाने जमेची बाजू होती, पैसे आले होते. खजिनदार आठवडाभर सुतकी चेहऱ्याने बॉयलर दुरुस्त करत हिंडला. मे महिन्यात मदरवेलने प्लेऑफमध्ये दोन सामने मिळून 6-1 असं झोडपलं, तेव्हा त्याने बचत, खरेदी, दोन्ही पक्षांचा राजीनामा दिला. तो राजीनामा नवे मॅनेजर मार्क वॉरबर्टन यांनी स्वस्तातली माणसं जमवून विजयांची रांग लावेपर्यंत टिकला.

2016ला रेंजर्स वर आले. चार वर्षांची तपश्चर्या! खजिनदार म्हणाला, आता शिकलो, आता शहाण्यासारखं वागायचं. मे संपायच्या आत बातमी आली की जोई बार्टन येतोय. तेहतीस वर्षांचा, नावाजलेला, स्वस्त तर नक्कीच नव्हे. मेव्हण्याने, जो या आठवड्यात काटकसरीच्या बाजूला होता, टेबलावर मूठ आपटली. “ही तुझी बचत?”

“फुकट आलाय,” खजिनदार शांतपणे म्हणाला. “बर्नलीशी त्याचा करार संपला. त्यांना एक पौंड द्यायचा नाही.”

“आणि पगार?”

खजिनदाराने मेव्हण्याकडे पाहिलं. व्यवहारातलं काही न कळणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं.

“पगार दर आठवड्याला द्यायचा असतो. एकदम कुठे द्यायचाय?”