बास्केटचे सर

जूनमध्ये प्रवेशाची रांग लागली की बाकीचे प्राध्यापक अर्जावरची टक्केवारी बघतात. एकच माणूस अर्जाकडे ढुंकून न बघता रांग न्याहाळत असतो. गळ्यात शिट्टी, अंगात ट्रॅकसूटचं जाकीट, खाली इस्त्रीची पँट (कारण अकराला प्राचार्यांची मीटिंग आहे) आणि नजर जमिनीपासून साधारण सहा फुटांवर. त्या उंचीला एखादं डोकं दिसलं की सर रांगेत घुसतात.

"नाव काय रे? गाव? शाखा कुठली घेतोयस?"

"सर, बी.ए. का बी.कॉम. अजून ठरलं नाही."

"काहीही घे. संध्याकाळी पाचला ग्राउंडला ये."

पोरगं बावरतं. पाठीमागचा बापही बावरतो. तेवढ्यात व्हॉलीबॉलचे हौशी ग्रंथपाल खांब ओलांडून येतात आणि पोराच्या दुसऱ्या खांद्यावर हात ठेवतात. पुढचे दोन महिने त्या पोराला कँटीनमध्ये चहाचे पैसे द्यावे लागत नाहीत.

सातारा-सांगलीत बास्केट शिकवायचं म्हणजे मुळात दुसऱ्याच्या रानात पेरणी करायची. हा मुलूख मातीतल्या खेळांचा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून इथं दणकट पोराला आजोबा तालमीचाच रस्ता दाखवत आले आहेत. तालमीत टिकलं नाही ते कबड्डीला, तिथं टिकलं नाही ते खो-खोला आणि उरलेलं पहाटे डांबरीवर पोलीस भरतीचं पळायला. त्यातून निसटलेलं सरांच्या हाती लागतं. एकदा सरांनी तालमीतलाच एक गडी फोडून आणला. अंगानं तयार, भिडायला न घाबरणारा. पहिल्याच सामन्यात रिबाउंडसाठी वर उडायच्या ऐवजी त्यानं समोरच्याचा पट काढला. पंच शिट्टी वाजवायचंही विसरले, आणि बाहेर बसलेल्या चार जणांनी टाळ्या वाजवल्या.

सर या वाटेला लागले ते शाळेत. शहरातल्या ज्या दोन-चार शाळांत सिमेंटचं कोर्ट होतं, त्यातल्या एका शाळेतून ते राज्य स्पर्धेपर्यंत गेले. ते प्रमाणपत्र लॅमिनेट करून जिमखान्याच्या भिंतीवर आहे. त्यावरची साल दाखवणारी जागा बरोबर ट्यूबलाइटच्या पट्टीखाली येते. मग बी.पी.एड., एम.पी.एड. आणि एका उन्हाळ्यात पतियाळा. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ सालची, देशातल्या कोचिंगची काशी. सरांनी तिथं सहा आठवड्यांचा कोर्स केला. त्या सहा आठवड्यांवर त्यांनी पुढची सगळी नोकरी काढली. "आमच्या पतियाळाला..." अशी वाक्याची सुरुवात झाली की स्टाफरूममधले लोक पेपर तपासायला घेतात.

पतियाळाहून आल्यावर नोकरी मिळते असा सरांचा समज होता. मिळाली ती तासिका तत्त्वावर. वर्गातला तास मोजता येतो. मैदानावरचा मोजायचा कसा, हा प्रश्न बिलं करणाऱ्या क्लार्कला दर महिन्याला नव्यानं पडे. मुसळधार पावसात मुलं आली नाहीत, सर एकटे रिंगखाली छत्री घेऊन उभे राहिले, तर तो तास धरायचा का? याच काळात सरांचं लग्न ठरत होतं. तासगावकडच्या एका स्थळानं विचारलं, "कॉलेजात काय शिकवता?"

"खेळ."

"ते झालं हो. काम काय करता?"

ते स्थळ मोडलं. पुढच्या वेळी सरांनी नुसतं ‘प्राध्यापक’ म्हणून सांगितलं आणि संसाराला लागले.

कायम झाल्यावर माणूस बास्केट शिकवायला मोकळा होईल असं कुणालाही वाटेल. पण आपल्याकडे कायम होणं म्हणजे शिट्टी कायम होणं. एकदा माणसाकडे शिट्टी आहे हे संस्थेला कळलं की त्याला १५ ऑगस्टचं संचलन मिळतं, स्नेहसंमेलनाची शिस्त मिळते, दुचाकींचं पार्किंग मिळतं, २१ जूनला योग मिळतो, आणि परीक्षा आली की पर्यवेक्षकांचं वेळापत्रक लावायचं काम मिळतं. निवडणुकीचं काम तर सरकारच देतं. त्यात संस्था रयतसारखी मोठी असली तर बदल्याही आहेत. १९१९ साली काल्याला लावलेल्या वडाच्या पारंब्या कुठं कुठं गेल्यात ते बदलीच्या ऑर्डरमध्ये दिसतं: साताऱ्यात पाच वर्षं घाम गाळून संघ बांधावा आणि ऑर्डर यावी विट्याची किंवा पनवेलची. पाठीमागं नवा माणूस येतो तो कबड्डीचा. वर्षभरात रिंगला कपडे वाळत घातलेले दिसतात.

सरांचं वाचन मात्र दांडगं, आणि सगळं एकाच विषयावरचं. जेम्स नेस्मिथनं १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफिल्डला पीचच्या टोपल्या दहा फुटांवर ठोकून हा खेळ काढला, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. तोच नेस्मिथ पुढं कॅन्सस विद्यापीठात कोच झाला आणि ५५ सामने जिंकून ६० हरला, हे मात्र आमच्या सरांना तोंडपाठ आहे. त्या विद्यापीठाच्या पुरुष संघाच्या इतिहासात हरल्याचा आकडा जिंकल्यापेक्षा मोठा असलेला हा एकटाच कोच. प्रत्येक पराभवानंतर सर प्राचार्यांच्या केबिनमध्ये हे आकडे सादर करतात.

"ज्यानं खेळ काढला त्यालाही जमलं नाही, सर."

"बरोबर आहे," प्राचार्य सही करता करता म्हणाले, "पण त्याला नॅक नव्हतं."

अमेरिकेतल्या कोचांबद्दल सरांना असूया नाही, पण हिशेब ठाऊक आहे. तिथल्या बऱ्याच राज्यांत सरकारी पैशातला सगळ्यात मोठा पगार राज्यपालाचा नसतो, विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल कोचचा असतो. ड्यूक विद्यापीठाचे शशेव्हस्की एकाच जागी १९८० पासून २०२२ पर्यंत राहिले. "बदली नाही!" सर सांगतात, आणि त्यांच्या पाच राष्ट्रीय अजिंक्यपदांपेक्षा या गोष्टीचा त्यांना जास्त अचंबा वाटतो. जॉन वुडन पहिल्या सरावाला खेळाडूंना मोजे कसे घालायचे ते शिकवत. सरही पायांपासूनच सुरुवात करतात, म्हणजे बूट कुणाकडे आहेत ते विचारतात. वुडनना लॉस एंजेलिसमध्ये पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळायला सोळावा हंगाम उजाडला, हेही त्यांनी लक्षात ठेवलंय. सरांचा तो हंगाम होऊन बरीच वर्षं झाली, हा भाग आम्ही काढत नाही.

सरांना खरं बघावं ते मैदानावर. शिवाजी विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धा नेमक्या पावसाळ्याच्या तोंडी-शेपटीला येतात. सांगलीला विश्रामबागेतल्या एका कोर्टावर सामना होता. सकाळी सर पडून गेलेली. सातारहून लाल एसटीनं आलेले आमचे सर पँट दुमडून, संयोजक कॉलेजच्या सरांबरोबर पोत्यानं पाणी ओढत होते. दोघं बी.पी.एड.चे वर्गमित्र. पोतं पिळताना एकमेकांच्या मुलांची, महागाई भत्त्याची चौकशी. शिट्टी झाली की जन्माचं वैर.

शेवटचं सत्र, सेकंदं उरली वीस, आम्ही तीन गुणांनी मागं. सरांनी टाइम-आउट घेतला. टाइम-आउट साठ सेकंदांचा. पहिली पंधरा पाण्याची बाटली शोधण्यात गेली. ती राखीव खेळाडूच्या सॅकमध्ये होती आणि राखीव खेळाडू वडापाव आणायला गेला होता. मग सर उकिडवे बसले, विटेचा तुकडा उचलला आणि कोर्टाच्या कडेला आकृती काढू लागले. पाच फुल्या, पाच गोल. ओल्या सिमेंटवर रेघ पसरली आणि तीन फुल्यांचा मिळून लाल चिखल झाला.

"तू इथनं आत घुस. तू स्क्रीन लाव. हा मोकळा झाला की बॉल ह्याला."

"सर, मी कुठली फुली?"

"तू फुली नाहीस, तू गोल."

"गोल तर ते हायत न्हवं?"

चाळीस सेकंदं गेली. तेवढ्यात सरांना दुसरंच आठवलं. "आणि ओळखपत्र कुणाचं राहिलंय? टेबलवरनं दोनदा निरोप आला." शिट्टी वाजली. पोरं उठली, आणि पतियाळापासूनचं सगळं ज्ञान सरांच्या तोंडून एका वाक्यात बाहेर पडलं: "काय नाय, जीव लावून खेळा!"

बॉल आत आला. स्क्रीन कुणी लावला नाही. कडेगावकडचा एक शिडशिडीत पोरगा, ज्याच्याकडे बॉल जाणं आकृतीत कुठंही नव्हतं, त्यानं लांबूनच हात उचलले. "मारू नको, मारू नको, अरे मारू न... शाब्बास!" बॉल जाळीतून सरळ खाली. बरोबरी! सर तीन बोटं वर करून नाचले. पंचांनी दोन दाखवली.

कारण कोर्टावर कमानी दोन होत्या. तीन गुणांची रेषा पूर्वी सव्वासहा मीटरवर होती, २०१० साली ती पावणेसातवर गेली. कॉलेजनं नवी रेषा रंगवली, पण जुनी पुसायचा रंग मंजूर झाला नव्हता. पोराचा पाय दोन्हींच्या मधोमध. सरांनी खिशातून नियमावली काढली. ती निघाली २००८ ची. एका गुणानं हरलो. अमेरिकेत बॉबी नाइट नावाच्या कोचनं १९८५ साली अशाच संतापात खुर्ची उचलून कोर्टावर भिरकावली होती. आमच्या सरांचाही हात खुर्चीकडे गेला होता, मी पाहिलं. पण पाठीवर पांढऱ्या रंगात डेड स्टॉकचा नंबर होता. नोकरीतल्या माणसाचा हात तो नंबर वाचून आपोआप खाली येतो. सरांनी खुर्ची जागेवर सरळ केली आणि वर्गमित्राला म्हणाले, "चहा सांग."

अहवालात त्यांनी लिहिलं, ‘संघाने अटीतटीची लढत दिली.’ गेल्या वर्षीच्या अहवालातही हेच वाक्य आहे, पण ते खरंच तसं घडलं असेल असं मला आता वाटायला लागलंय.

मुलींचा संघ बांधायचा तर घरोघरी जावं लागतं. एका बापासमोर सर स्मृती मानधनाचं उदाहरण घेऊन बसले. आपल्या सांगलीत वाढलेली पोरगी, बघा कुठं गेली. बाप म्हणाला, "ती क्रिकेट खेळती." सरांनी माणमधल्या मोहीची ललिता बाबर काढली, रिओला ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पळालेली. "ती पळती. बास्केटचं कोण हाय ते सांगा." सरांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी चहा संपवला आणि सांगितलं, "कोण नाही, म्हणून तर आलोय." पोरगी तीन वर्षं खेळली. चड्डीखाली काळी लेगिंग, बरोबर मॅडम आणि अंधाराच्या आत घरी, एवढ्या अटींवर.

बढतीसाठी सरांनी पीएच.डी.ही केली. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या महाविद्यालयीन बास्केटबॉलपटूंच्या शारीरिक क्षमतेचा तुलनात्मक अभ्यास. दोन्हीकडच्या पोरांना वर उड्या मारायला लावल्या, बारा मिनिटं पळवलं, तक्ते केले. निष्कर्ष: लक्षणीय फरक आढळला नाही. हे एसटीत बसणाऱ्या कुणीही सांगितलं असतं, पण त्याला पगारवाढ मिळाली नसती.

बारा मिनिटं पळण्यावरून आठवलं. शारीरिक शिक्षण संचालकाच्या पदाला यूजीसीनं स्वतः पळून दाखवायची अट घातली होती: तिशीपर्यंत बारा मिनिटांत १८०० मीटर, चाळिशीपर्यंत १५००, पंचेचाळिशीपर्यंत १२००, पन्नाशीपर्यंत ८००. बारा मिनिटांत ८०० मीटर हा वेग मंडईतून दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन निघालेल्या माणसाचा असतो. पण यूजीसीला माणसाची पुढची वाट कळते, असं मला तरी या तक्त्यावरून वाटतं. बॉल घेऊन निघालेला माणूस पायरी-पायरीनं कसा टेबलापाशी येऊन बसणार, हे तिनं मीटरमध्ये मांडून ठेवलंय.

सरांचे खेळाडू देशासाठी खेळले नाहीत. विद्यापीठाच्या संघात काही गेले आणि पश्चिम विभागाच्या स्पर्धेला जाऊन आले. आल्यावर महिनाभर संघाचं जाकीट काढत नव्हते. पण पुणे-बंगळूर रस्त्यावर सर गाडी चालवायला लागले की त्यांचं खरं कर्तृत्व दिसतं. खाकीतला कुणीतरी हात करून गाडी थांबवतो, काच खाली येते, आणि तो खाडकन सलाम ठोकतो. मागं तर एकानं सीट बेल्टची पावतीही फाडली आणि सलामही ठोकला. सरांनी पैसे भरले, पावतीची घडी करून खिशात ठेवली आणि पुढं मला सांगितलं, "लेफ्ट हँडचा ले-अप काय मारायचा!"

आता सर निवृत्त झालेत. उन्हाळ्यात साताऱ्याच्या शाहू स्टेडियमवर पहाटे शिबिर घेतात. गर्दी चांगली असते, कारण बास्केट खेळल्यानं उंची वाढते अशी गावात समजूत आहे. सरांनी ती पसरवली नाही, खोडलीही नाही. परवा एक बाई आठवीतल्या मुलाला घेऊन आल्या.

"दोन महिन्यांत किती वाढेल, सर?"

सरांनी पोराला वरून खाली बघितलं. "घरात कुणी उंच आहे का?"

"सासरे आहेत. सहा फूट दोन."

सरांनी वही बंद केली. "वय?"

"बाहत्तर. का हो?"

"गुडघे कसे आहेत? ज्येष्ठांच्याही स्पर्धा असतात. उद्या येताना त्यांना घेऊन या."