मुखपृष्ठाचा जीर्णोद्धार: होतकरूंसाठी कार्यपद्धती

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळाचं मुखपृष्ठ पालटायचं ठरलं, की पहिली पायरी म्हणजे ते कुणालाही न सांगणं. प्रकल्पाच्या गाभ्यात दोन-चार माणसं वर्षानुवर्षं खाली मान घालून काम करत असतात. त्यांच्या कोडची एक ओळ वाचायला कुणी फिरकत नाही. मुखपृष्ठाचा विषय निघाला मात्र, की ज्यानं जन्मात एक बगसुद्धा नोंदवलेला नाही तोही खुर्ची ओढून पुढे बसतो.

यामागचा सिद्धान्त जुना आहे. सी. नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज लेखकानं १९५७ साली एका काल्पनिक समितीची बैठक रंगवली. तिथे अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर होते, कारण ती कुणालाच कळत नाही. कारकुनांच्या सायकलींसाठी बांधायच्या शेडवर पाऊण तास वाद होतो आणि कॉफीच्या खर्चावर सव्वा तास. पुढे ऑक्टोबर १९९९ मध्ये फ्रीबीएसडी या प्रकल्पातल्या पॉल-हेनिंग काम्प यांनी हीच शेड उचलून सॉफ्टवेअरच्या अंगणात आणून ठेवली. तिथे भांडण पेटलं होतं ते 'स्लीप' नावाच्या चिमुकल्या आज्ञेनं सेकंदाचे अपूर्णांक स्वीकारावेत की नाहीत, यावरून. तेव्हापासून जगभरचे प्रोग्रामर असल्या वादाला 'बाइकशेडिंग' म्हणतात.

मालवण तालुक्यात त्यासाठी पार्किन्सन वाचायची गरज नाही. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार पाहिलेला असला की पुरे. पाया, वाशांना लागलेली वाळवी, पागोळ्यांचं भिंतीत मुरणारं पाणी यांवर सभेत कुणी तोंड उघडत नाही. कळसाचा रंग निघाला, की गावकर, मानकरी आणि मुंबईहून व्हिडिओ कॉलवर आलेले चाकरमानी सगळे एकदम बोलू लागतात. सभामंडपात खांबाला टेकून बसलेले एक काका असतातच. काम चालू असताना ते दिसलेले नसतात. रंग लावून झाला, की "ह्यां काय बरां दिसणा नाय" एवढं म्हणून ते पुन्हा खांबाला टेकतात. प्रस्तुत मार्गदर्शन मुख्यतः या काकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. प्रत्येक मुक्तस्रोत प्रकल्पाचे ते सभासद आहेत. त्यांचा हुद्दा कुठेच लिहिलेला नसतो.

दुसरी पायरी: किती दिवस लागतील, हे सांगू नये, आणि किती लागले, हे तर मुळीच सांगू नये. ऑगस्ट २०२२ मध्ये वर्डप्रेसनं आपलं मुखपृष्ठ आणि डाउनलोडचं पान नव्यानं मांडलं. जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळांच्या मुळाशी हे सॉफ्टवेअर आहे. मुंबई, पुणे, नाशिक इथे त्याचे वर्डकॅम्प नावाचे मेळावे भरलेले आहेत. पान झळकलं, आणि वर्डप्रेसचे एक संस्थापक मॅट मुलेनवेग यांनी चारचौघांत लिहून टाकलं, की इतकी साधी मांडणी स्क्वेअरस्पेस, विक्स किंवा वेबफ्लोवर करायला एकट्या माणसाला एका दिवसाहून अधिक लागेल असं वाटत नाही. राबलेल्या मंडळींच्या ते वर्मी लागलं आणि बराच धुरळा उडाला.

पंचाईत ही, की मुलेनवेग यांचा हिशेबही खोटा नव्हता. चौकटी आखायला एक दिवसच लागतो. बाकीचे दिवस जातात ते मजकूर पुढे इतर भाषांत नेता येईल असा लिहिण्यात, अंधांसाठीचं स्क्रीन रीडर पान नीट वाचतं का हे तपासण्यात, जर्मनमधला लांबलचक शब्द बटणात मावतो का हे पाहण्यात, आणि मुख्य म्हणजे काकांच्या शंकांना नम्र उत्तरं लिहिण्यात. ही शेवटची बाब कुठल्याच अंदाजपत्रकात धरलेली नसते. ती धरली, तर प्रकल्प सुरूच होणार नाही.

ज्यांना घाई नाही त्यांनी डेबियनचा आदर्श ठेवावा. १९९३ साली सुरू झालेल्या या लिनक्स वितरणानं फेब्रुवारी २०११ मध्ये संकेतस्थळाला नवं रूप दिलं, तेव्हा त्यांनीच जाहीर केलं होतं की तेरा वर्षांत मांडणी जवळपास बदललेली नाही. पुढचं नवं मुखपृष्ठ डिसेंबर २०२० मध्ये आलं. एवढ्यात पहिलीतलं पोर दहावीत पोचतं. पण डेबियन कुणाचं अडलं का? नाही. सर्व्हर चालू होते, सुरक्षेचे सुधार वेळच्या वेळी येत होते. जुनं पान हे आळसाचंच लक्षण असतं असं नाही. कधीकधी माणसं खरोखरच कामात असतात.

साधेपणाचा नमुना हवा असेल, तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरचं मुखपृष्ठ पाहून घ्यावं. रस्त्यावरचा नारिंगी शंकू, खाली नारिंगी बटण. आलेला माणूस विंडोजवरून आलाय की मॅकवरून, हे पान स्वतःच ओळखतं आणि नेमकी तीच फाइल पुढे करतं. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या पोरांनी उभं केलेलं हे सॉफ्टवेअर. पोरं रस्त्यावरचे शंकू गोळा करून आणत, म्हणून ते चिन्ह. असल्या चिन्हाला कुठल्याही समितीनं मंजुरी दिली नसती.

आता देणगीदार. जीर्णोद्धार झालेल्या देवळात पाऊल टाकलं, की देवाच्या आधी संगमरवरी फरशीवरची नावं दिसतात. मुखपृष्ठावरही पुरस्कर्त्या कंपन्यांची बोधचिन्हं अशीच हळूहळू वर सरकतात. आधी तळाला, मग मधे, आणि एके दिवशी सॉफ्टवेअर कशाचं आहे हे सांगणाऱ्या ओळीच्याही वर. पैसे त्यांनी दिलेत, नावं असावीत. पण गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर फरशी बसवू नये, एवढा संकेत पाळायला हरकत नसावी.

पहिल्या पडद्यावर लाटांची चित्रफीत नको. लाटा बघायला तारकर्ली आहे. ज्याला सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचं आहे त्याच्या फोनवर रेंजची एक दांडी असते, तीही पावसात येते-जाते. २०२० च्या टाळेबंदीत कणकवली तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीला ऑनलाइन वर्गासाठी डोंगरावर झोपडी बांधून बसावं लागलं होतं, कारण घरी रेंज नव्हती. मुखपृष्ठाची खरी परीक्षा तिथे होते. पुण्यातल्या कार्यालयात फायबरवर पान झर्रकन उघडतं यात कौतुक काय? पान जुलैत आचऱ्याच्या किंवा देवबागच्या एखाद्या घरात, दोन-तीन वर्षं जुन्या फोनवर उघडावं. चित्रं येण्याआधी अक्षरं दिसली पाहिजेत, आणि जावास्क्रिप्ट अडकली तरी डाउनलोडचा दुवा चालला पाहिजे. हे दोन्ही जमलं तर उरलेल्या सूचना वाचल्या नाहीत तरी चालतील.

मराठी आवृत्ती काढणाऱ्यांसाठी थोडं वेगळं, आणि इथे विनोद बाजूला ठेवतो. इंग्रजी शीर्षकं ऐटदार दिसावीत म्हणून डिझायनर अक्षरांमधलं अंतर वाढवतात. तीच शैली देवनागरीला लागली, की शिरोरेषा जागोजागी तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात. ओळीची उंची इंग्रजीच्या बेतानं ठेवली, तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याचं नोंदवलेलं नसेल, तर चांगल्या फॉन्टमध्येही मराठी वळणाचे ल आणि श न दिसता हिंदी वळणाचे दिसतात. ती एक नोंद करायला मिनिटही लागत नाही. फॉन्टला पैसे पडतात ही सबबही चालणार नाही. मुंबईच्या एक टाइप या गटानं केलेले सुरेख देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्यावर फुकट मिळतात. एवढं सगळं सोडून सभा गाजते ती बटणावर 'डाउनलोड करा' असावं की 'उतरवून घ्या', यावर. तोवर बटणामागचा दुवा तुटलेला असतो.

मतदान घ्यावं का? मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ रोजी. त्याच्या पहिल्या पानाला मुखपृष्ठ म्हणतात, चर्चेच्या पानाला चावडी आणि मतं घ्यायच्या पानाला कौल. देवाला कौल लावून घरातली कामं ठरवणाऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला तिथे परकं वाटायचं कारण नाही. फरक इतकाच, की देवाचा कौल मिळाला की विषय संपतो. १८ जानेवारी २०२३ रोजी इंग्रजी विकिपीडियाला नवं रूप मिळालं. ओळ फार लांब झाली की नजर पुढच्या ओळीचा आरंभ चुकते, म्हणून मजकुराची रुंदी आवरती घेतली होती. यावर वर्षानुवर्षं प्रयोग आणि विचारविनिमय झाला होता. तरी दोन्ही कडांना पांढरी जागा दिसली आणि ती फुकट गेल्याची ओरड झाली. पूर्ण रुंदीचं बटण देऊनही ती थांबली नाही. मोझिलानं तर २०१६ साली नवं बोधचिन्ह निवडायचं काम उघड्यावरच केलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला मत विचारत. जानेवारी २०१७ मध्ये नावातच वेबपत्त्यातला अपूर्णविराम आणि दोन तिरप्या रेघा घातलेलं चिन्ह आलं. डिसेंबर २०२४ मध्ये तेही पालटलं.

मत न देणारा माणूस मात्र कुणाच्याच मोजणीत नसतो. तो पहिल्यांदाच आलेला असतो. हे काय आहे, माझ्या मशीनवर चालेल का, शेवटची आवृत्ती कधी निघाली, एवढंच त्याला हवं असतं. सापडलं नाही तर तो तक्रार करत नाही. निघून जातो.

आणि काका? त्यांना सभेतून वगळावं असा सल्ला या मार्गदर्शनाच्या पहिल्या मसुद्यात होता. तो काढून टाकला आहे. कुडाळच्या कॉलेजातला एखादा पोरगा पहिल्यांदा लिनक्स टाकताना रात्री अडकतो, पडदा काळा होतो, घरचं एकुलतं एक यंत्र बिघडलं म्हणून त्याला घाम फुटतो. तेव्हा त्याच्या प्रश्नाला उत्तर देणारे बहुधा हेच काका असतात. टप्प्याटप्प्यानं, न चिडता, पहाटेपर्यंत. मेन्यूंचं मराठीकरण करताना कुणाच्या लक्षात न आलेला ऱ्हस्व-दीर्घही त्यांनीच सुधारलेला असतो. रंगाबद्दल त्यांना मत असणारच. देऊ द्यावं.

पान प्रसिद्ध करण्याआधी जुने दुवे नव्या जागी वळवले आहेत का, हे पाहावं. कुठल्यातरी कॉलेजच्या प्रयोगवहीत जुना पत्ता छापलेला असतो आणि ती वही पुढची काही वर्षं तशीच छापली जाणार असते. प्रसिद्धीनंतर आठवडाभर काहीही हलवू नये. "आधीचांच बरां होतां" असा निरोप येईल. आधीचं नेमकं कसं होतं, हे उलट विचारू नये. दुसऱ्या आठवड्यात तक्रारी वाचायला घ्याव्यात. 'सापडत नाही' असं म्हणणाऱ्या आधी, 'आवडत नाही' म्हणणाऱ्या मागाहून. 'डार्क मोड कधी?' असं विचारणाऱ्याला आभार मानून कोडच्या भांडाराचा पत्ता पाठवावा.